लिम्फोमाच्या पेशीत सुप्त विषाणू काय करतो?

जगातल्या दर दहा प्रौढांपैकी नऊहून अधिक जणांच्या शरीरात एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, कायमचा वस्तीला असतो. तो बहुधा बालपणीच लाळेतून येतो, किरकोळ तापापलीकडे फारसे काही जाणवू देत नाही आणि पुढे रक्तातल्या बी-पेशींमध्ये आयुष्यभर सुप्त राहतो. निरोगी माणसाच्या दर दहा लाख बी-पेशींमागे बाधित पेशी एक ते पन्नास एवढ्याच असतात. काही लिम्फोमांमध्ये मात्र गाठीतल्या जवळपास प्रत्येक कर्कपेशीत हा विषाणू सापडतो.

त्या पेशीत तो सहसा नवे विषाणू तयार करत नाही आणि पेशी फोडून बाहेरही पडत नाही. मग तो करतो तरी काय? पेशीच्या स्वतःच्या जनुकांवर त्याचा काय परिणाम होतो? साठ वर्षांच्या संशोधनातून या प्रश्नाचे उत्तर हळूहळू आकाराला आले आहे. मला त्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. पेशी कर्करोगाकडे वळण्यासाठी जी कामे एरवी उत्परिवर्तनांनी, म्हणजे जनुकांतील बदलांनी, व्हावी लागतात, त्यातली काही कामे सुप्त विषाणूची जनुके करून देतात. म्हणून गाठीत विषाणू आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. त्याची कोणती जनुके चालू आहेत आणि पेशी अजून त्यांतल्या कशावर विसंबून आहे, हेही विचारावे लागते.

कंपाला ते लंडन

१९५७ साली युगांडातील कंपालाच्या मुलागो रुग्णालयात शल्यविशारद डेनिस बर्किट यांना जबड्याच्या दोन्ही बाजूंना गाठी आलेला एक मुलगा दाखवण्यात आला. अशा मुलांची माहिती त्यांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. आफ्रिकेत दूरवर प्रवास करून त्यांनी या आजाराचा, म्हणजे पुढे बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखल्या गेलेल्या कर्करोगाचा, नकाशाही तयार केला. उष्ण, भरपूर पावसाच्या आणि मलेरिया मुरलेल्या पट्ट्यातच तो प्रामुख्याने आढळत होता. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांमध्ये संशोधक अँथनी एपस्टाइन होते. एवढा भूगोलाला बांधलेला कर्करोग एखाद्या विषाणूमुळे होत असावा, हे त्यांनी तिथेच हेरले.

कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. त्यांत थेट पाहिल्यावर विषाणू काही केल्या दिसेना. शेवटी गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये त्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांचा शोधनिबंध मार्चमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गाठीत विषाणू दिसला नव्हता, कारण तिथे तो सुप्त होता. शरीराबाहेर वाढताना काही मोजक्या पेशींत तो जागा झाला आणि म्हणून नजरेस पडला.

यानंतर फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले यांनी १९६८ मध्ये याच विषाणूचा ग्रंथिज्वराशी असलेला संबंध दाखवला. १९७० मध्ये हॅराल्ड त्सूर हाउसेन आणि सहकाऱ्यांना बर्किट लिम्फोमाच्या बायोप्सीत विषाणूचा डीएनए सापडला. तरीही शंका उरतेच. जो विषाणू जवळजवळ सगळ्यांच्या अंगात असतो, तो गाठीत नंतर शिरलेला नसेल कशावरून? १९८६ मध्ये नॅन्सी राब-ट्रॉब आणि कॅथरिन फ्लिन यांनी याचे उत्तर शोधण्याची वाट दाखवली. विषाणूचा डीएनए पेशीत शिरल्यावर टोके जोडून वर्तुळाकार होतो. जोडाच्या जागी एका अनुक्रमाच्या किती आवृत्त्या राहतील, हे प्रत्येक संसर्गात वेगळे असते. गाठीतल्या सगळ्या पेशींत ती लांबी सारखीच निघाली, तर त्या सगळ्या एकाच बाधित पेशीच्या वंशज ठरतात, म्हणजेच विषाणू गाठीच्या आधीपासून तिथे होता. बाधित गाठींमध्ये तसेच आढळले. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ईबीव्हीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातले.

सुप्तावस्थेचे चार प्रकार

ईबीव्हीचा संपूर्ण जनुकीय अनुक्रम १९८४ मध्ये वाचला गेला. सुमारे १ लाख ७२ हजार अक्षरांच्या या मजकुरात ऐंशीहून अधिक जनुके आहेत. सुप्तावस्थेत त्यातली मूठभरच चालतात. ईबीएनए नावाची सहा केंद्रकीय प्रथिने, एलएमपी नावाची तीन पटलातील प्रथिने, प्रथिन न बनवणारे ईबर नावाचे दोन छोटे आरएनए आणि सूक्ष्म आरएनएंचा एक मोठा संच, एवढाच हा कारभार. विषाणू सूक्ष्म आरएनए बनवतात, हे जगाला प्रथम २००४ मध्ये ईबीव्हीमुळेच कळले.

ही जनुके सगळीकडे एकाच वेळी चालू नसतात. तिसऱ्या प्रकारच्या सुप्तावस्थेत सर्व नऊ प्रथिने बनतात. प्रयोगशाळेत निरोगी बी-पेशींना विषाणूची बाधा केली की त्या याच अवस्थेत जातात आणि अमर्याद वाढू लागतात. दुसऱ्या प्रकारात ईबीएनए-१ आणि एलएमपी प्रथिने उरतात. पहिल्या प्रकारात ईबीएनए-१ हे एकच प्रथिन उरते. विश्रांत स्मृतिपेशीत तर एकही प्रथिन बनत नाही. याला शून्य प्रकार म्हणतात. डेव्हिड थॉर्ली-लॉसन यांच्या मांडणीनुसार हा निरोगी शरीरातला विषाणूचा नेहमीचा प्रवास आहे. तो नव्या बी-पेशीला वाढीला लावतो, तिला लसीकाग्रंथीतल्या जननकेंद्रातून पुढे नेतो आणि अखेर स्मृतिपेशीत शिरून प्रतिकारशक्तीच्या नजरेआड होतो. या प्रवासात जिथे पेशी अडते, तिथून त्या त्या प्रकारचा लिम्फोमा उगवतो.

विषाणू पेशीची जनुके कशी फिरवतो

तिसऱ्या प्रकारात विषाणूचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो. ईबीएनए-२ स्वतः डीएनएला चिकटू शकत नाही. ते पेशीच्या आरबीपी-जेके या प्रथिनाच्या आधाराने जनुकांवर बसते, हे १९९४ मध्ये कळले. पेशीच्या वाढीचे आणि घडणीचे निर्णय घेणारा नॉच हा संदेशमार्ग हेच प्रथिन वापरतो. नॉचला चालू होण्यासाठी शेजारच्या पेशीचा इशारा लागतो, ईबीएनए-२ ला कुणाचीच वाट पाहावी लागत नाही. त्याच्यामुळे पेशीचे मिक हे जनुक जोरात चालू लागते. त्यासाठी ते मिकपासून पाच लाख अक्षरे दूर असलेल्या वर्धक तुकड्यांवर बसते आणि डीएनएची घडी अशी पडते की ते तुकडे जनुकाजवळ येतात. २०१५ मध्ये अशा बाधित पेशींत १८७ 'महावर्धक' स्थाने सापडली. तिथे ईबीएनए-२, ईबीएनए-एलपी, ईबीएनए-३ए, ईबीएनए-३सी आणि पेशीचे स्वतःचे एनएफ-कॅपा-बी घटक एकत्र बसलेले असतात. पेशीची वाढ आणि जगणे ठरवणारी महत्त्वाची जनुके याच स्थानांच्या ताब्यात आहेत.

काही जनुके बंद करणेही तितकेच गरजेचे असते. पेशी बेसुमार वाढू लागली की बिम हे जनुक तिला मरणाकडे ढकलते आणि पी-१६ हे जनुक तिचे विभाजन थांबवते. ईबीएनए-३ए आणि ईबीएनए-३सी मिळून या दोन्ही जनुकांभोवतीच्या क्रोमॅटिनवर बंदीच्या खुणा उमटवतात. जनुकांच्या अक्षरांत बदल होत नाही, तरी ती गप्प होतात.

दुसऱ्या प्रकारातली पटलप्रथिने बाहेरच्या इशाऱ्यांची नक्कल करतात. बी-पेशीने जगावे म्हणून मदतनीस टी-पेशी तिच्या सीडी-४० या ग्राहीला इशारा देते. एलएमपी-१ तोच इशारा अखंड देत राहते आणि एनएफ-कॅपा-बी मार्ग चालू ठेवते. १९८५ मध्येच या प्रथिनाने उंदराच्या संयोजी पेशींना कर्कपेशींसारखे वागायला लावल्याचे दिसले होते. एलएमपी-२ए बी-पेशीच्या प्रतिजन-ग्राहीची जागा घेते. १९९८ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात हे प्रथिन असलेल्या बी-पेशी ग्राही नसतानाही जगल्या. एरवी शरीर अशा पेशी जिवंत ठेवत नाही.

पेशीही विषाणूवर राज्य करते

हे सगळे एकाच दिशेने चालते असे समजणे चूक ठरेल. कोणता कार्यक्रम चालवायचा, हे बऱ्याच अंशी पेशी ठरवते. विषाणूच्या डीएनएवर पेशी मिथाइल खुणा लावते. सी नावाचा प्रवर्तक अशा खुणांनी बंद झाला की ईबीएनए-२ आणि ईबीएनए-३ कुटुंब गप्प होते. मग क्यू नावाच्या वेगळ्या प्रवर्तकावरून फक्त ईबीएनए-१ बनत राहते. २०२० मध्ये बेंजामिन ग्युर्झ यांच्या हार्वर्डमधील गटाने दाखवले की, डीएनएमटी-१ आणि युएचआरएफ-१ ही पेशीची प्रथिने काढून घेतली, तर बर्किट पेशींतली गप्प झालेली विषाणू-जनुके पुन्हा बोलू लागतात. त्याच गटाला असेही आढळले की, मिकचा जोर कमी झाला की सुप्त विषाणू जागा होतो. म्हणजे ज्या मिकमुळे बर्किट पेशी वाढते, तेच मिक विषाणूला झोपवून ठेवते.

याचा एक जुना पुरावाही आहे. बर्किट लिम्फोमाच्या ताज्या पेशींमध्ये फक्त ईबीएनए-१ असते. अशा पेशी बरेच दिवस वाढवत ठेवल्या की त्यांतल्या काहींत एकेक करून बाकीची सुप्त जनुकेही चालू होतात आणि त्याबरोबर पेशीचा चेहरामोहराही बदलतो. बर्मिंगहॅममधील मार्टिन रो, अ‍ॅलन रिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे नोंदवले. म्हणून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढलेल्या पेशींवरून रुग्णाच्या गाठीबद्दल निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते.

विषाणू आणि उत्परिवर्तन: कामाची वाटणी

आता वेगवेगळे लिम्फोमा शेजारी ठेवून पाहिले की चित्र जुळू लागते.

अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत होणाऱ्या लिम्फोमांपैकी लवकर होणारे बहुतेक ईबीव्हीमुळे होतात. त्यांत तिसऱ्या प्रकारची सुप्तावस्था असते. इथे जवळपास सगळे काम विषाणूच करतो. ही प्रथिने टी-पेशींना चटकन ओळखू येतात, त्यामुळे अशी गाठ प्रतिकारशक्ती दबलेली असेपर्यंतच टिकते. १९८४ मध्ये थॉमस स्टार्झल यांच्या गटाने दाखवले की, औषधे कमी केल्यावर यातल्या काही गाठी विरघळतात.

हॉजकिन लिम्फोमात दुसरा प्रकार असतो. यातल्या कर्कपेशी, म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, मुळात बी-पेशी असतात, पण बी-पेशीची बहुतेक ओळख त्या गमावून बसलेल्या असतात. त्यांपैकी काहींत प्रतिपिंडाच्या जनुकातच असा बिघाड झालेला असतो की, त्यांना ग्राही बनवताच येत नाही. नियमाप्रमाणे अशा पेशी जननकेंद्रातच मरायला हव्यात. ज्या रुग्णांमध्ये हा मारक बिघाड सापडतो, त्यांच्या गाठी जवळजवळ नेहमी ईबीव्ही-बाधित असतात. एलएमपी-२ए ने ग्राहीची उणीव भरून काढली, हे त्यामागचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. उलट दिशेनेही पुरावा मिळतो. ए-२० हे प्रथिन एनएफ-कॅपा-बी मार्गाला लगाम घालते. २००९ मधल्या एका अभ्यासात ए-२० चे जनुक मोडलेल्या गाठी ईबीव्ही नसलेल्या गटात सुमारे सत्तर टक्के होत्या, ईबीव्ही असलेल्या गटात मात्र जेमतेम सोळा टक्के. एलएमपी-१ ने तो मार्ग आधीच चालू ठेवला असेल, तर पेशीला लगाम तोडण्याची गरजच उरत नाही.

बर्किट लिम्फोमात पहिला प्रकार असतो आणि विषाणू नेमके काय करतो, हा जुना वाद तिथेच सर्वांत तीव्र आहे. इथे मिक जनुक गुणसूत्रांच्या अदलाबदलीने, बहुधा आठव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांत, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते आणि सतत चालू राहते. मग केवळ ईबीएनए-१ बनवणाऱ्या विषाणूला काय काम उरले? मिकचा अतिरेक पेशीला वाढवतो, तसाच मरणाकडेही नेतो. हा मृत्यू टाळण्याचे काम विषाणूकडे असावे, असे पुरावे सांगतात. २०१९ मध्ये बालरुग्णांच्या गाठींच्या संपूर्ण जनुकीय वाचनातून दिसले की, ईबीव्ही असलेल्या बर्किट गाठींत कर्करोगाला चालना देणारी उत्परिवर्तने कमी असतात आणि पेशीमृत्यूशी संबंधित जनुकांत ही तूट विशेष जाणवते. रुग्ण आफ्रिकेतला की बाहेरचा, यापेक्षा विषाणू आहे की नाही, यानेच गाठींचे दोन गट अधिक स्पष्ट वेगळे पडले. ईबीव्ही असलेल्या गाठींत, बी-पेशीच्या प्रतिपिंड-जनुकांत तोडमोड करणाऱ्या एड या प्रथिनाच्या छेडछाडीच्या खुणाही जास्त होत्या. मलेरियामुळे जननकेंद्रांतली उलाढाल वाढते आणि एड अधिक काळ सक्रिय राहते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. बर्किट यांच्या नकाशातला मलेरियाचा पट्टा आणि गुणसूत्रांची अदलाबदल यांचा दुवा इथे सापडतो.

जिथे मतभेद आहेत

जपानमध्ये अकाटा या बर्किट पेशीमालिकेतल्या काही पेशींनी आपोआप विषाणू गमावला. १९९४ मध्ये दिसले की, विषाणू नसलेल्या या पेशींची गाठ तयार करण्याची क्षमता खालावली होती. विषाणू परत घातल्यावर ती परतली. यापेक्षा सरळ पुरावा क्वचितच मिळतो. पण ही ताकद कोणत्या जनुकाची, यावर एकमत झालेले नाही. आधी श्रेय ईबर आरएनएंना दिले गेले. इतरांच्या प्रयोगांत ते अर्धवटच टिकले. ईबीएनए-१ पेशीमृत्यू रोखते असे काही प्रयोग सांगतात, पण हे जनुक घातलेल्या उंदरांना एका प्रयोगशाळेत लिम्फोमा झाला आणि दुसरीत झाला नाही. सूक्ष्म आरएनएंचा वाटा अलीकडे अधिक ठळक होत आहे. सुमारे पंधरा टक्के बर्किट गाठींत तर वेगळीच वाट दिसते. तिथे विषाणूने ईबीएनए-२ चे जनुकच गमावलेले असते आणि पेशीमृत्यू टाळणारे बीएचआरएफ-१ हे प्रथिन चालू असते. मला वाटते, यातून एकच विषाणू-जनुक दोषी ठरवण्याचा हट्ट सोडावा लागेल. पेशीला मरणापासून वाचवायचे आहे हे काम ठरलेले आहे, ते करणारा घटक गाठीगणिक बदलू शकतो.

पद्धतीचीही मर्यादा आहे. हॉजकिनच्या गाठीत कर्कपेशी बहुधा शेकडा एक-दोनच असतात. पूर्ण तुकड्यातला आरएनए मोजला तर त्यात शेजारच्या पेशींचाच आवाज मोठा असतो. एकाच पेशीमालिकेत, एकाच भांड्यातही, एलएमपी-१ चे प्रमाण एका पेशीपासून दुसरीपर्यंत शंभर पटींहून अधिक बदलते. एकेका पेशीतला आरएनए वाचण्याच्या तंत्रामुळे ही विविधता आता दिसू लागली आहे आणि 'प्रकार एक, दोन, तीन' या चौकटी दिसतात तितक्या पक्क्या नाहीत, हेही.

सुप्त राहून पेशीची कामे वाटून घेण्याचा हा नियम ईबीव्हीपुरता नाही. १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी शोधलेला कपोसी सार्कोमाचा हर्पीस विषाणू शरीरातल्या पोकळ्यांत होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमात असाच सुप्त राहून एनएफ-कॅपा-बी चालू ठेवतो. जपानच्या नैऋत्य भागात आढळणाऱ्या प्रौढ टी-पेशी ल्युकेमियात एचटीएलव्ही-१ या विषाणूचे टॅक्स जनुक अनेकदा बंद पडते, पण एचबीझेड हे जनुक चालूच राहते. कुटुंबे वेगळी, तरी पेशीतल्या निकडी सारख्याच.

उपचारांपर्यंत पोचलेले ज्ञान

ही वाटणी कळल्याचा उपयोग रुग्णाला होतो. तिसऱ्या प्रकारची प्रथिने टी-पेशींना ओळखता येतात, या ज्ञानावर १९९० च्या दशकात क्लिओना रूनी, हेलन हेस्लॉप आणि सहकाऱ्यांनी विषाणूविरोधी टी-पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णांना दिल्या. त्याच वाटेवरच्या टॅबेलेक्ल्यूसेल या उपचाराला डिसेंबर २०२२ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. बर्किटसारख्या गप्प गाठींसाठी दुसरा विचार पुढे येतो आहे. मिथाइल खुणा पुसणाऱ्या डेसिटाबिन या औषधाने विषाणूची दबलेली प्रथिने पुन्हा उघड करायची आणि मग टी-पेशींना लक्ष्य द्यायचे. प्रायोगिक पातळीवर हे २०२० मध्ये साधले. तिसरा मार्ग सुप्त विषाणूला मुद्दाम जागे करून, जाग्या विषाणूवर चालणाऱ्या औषधाने बाधित पेशी मारण्याचा आहे. त्याच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या आहेत. एकाच गाठीसाठी यातला कोणता मार्ग योग्य, हे तिथे कोणता सुप्त कार्यक्रम चालू आहे त्यावरच अवलंबून राहील.

आपल्याकडची निकड

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. आपल्याकडे ईबीव्हीचा संसर्ग लहान वयातच होतो आणि भारतीय मुलांमधल्या हॉजकिन लिम्फोमात विषाणू सापडण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पाश्चात्त्य देशांत ते साधारण तीस ते चाळीस टक्के असते, आपल्या मुलांच्या गाठींत मात्र बहुसंख्य. एचआयव्हीबाधितांच्या तोंडात होणारे प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा आणि नाकातले एनके-टी लिम्फोमा हेही ईबीव्हीशी जोडलेले आहेत.

असे असताना हॉजकिनच्या ए-२० बद्दलचे, बर्किटच्या उत्परिवर्तनांबद्दलचे बरेचसे ज्ञान परदेशी रुग्णांच्या गाठींवर उभे आहे. विषाणू आणि उत्परिवर्तन यांच्यात कामाची वाटणी होते हे खरे असेल, तर जिथे विषाणूचा वाटा मोठा, तिथल्या गाठींतील उत्परिवर्तनांचा नमुना वेगळा असणार. म्हणून परदेशी यादी डोळे मिटून इथे लागू करता येणार नाही. ईबर आरएनए दाखवणारी तपासणी मोठ्या शहरांतल्या कर्करोग रुग्णालयांत होते. जिल्ह्याच्या गावातून आलेल्या मुलाच्या बायोप्सीतही ती नियमाने व्हायला हवी आणि शक्य तिथे एलएमपी-१ ची नोंदही. त्याच गाठींचे जनुकीय वाचन इथेच झाले, तर या आढाव्यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे आपल्याच रुग्णांच्या ऊतकांतून मिळतील आणि पुढचे उपचार त्यांच्याच आजारावर बेतता येतील. त्या मुलाच्या गाठीत विषाणूची कोणती जनुके चालू आहेत, हे त्याच्या डॉक्टरांना उपचार ठरवतानाच कळले पाहिजे.